पानातली भाजी

यंदाच्या आषाढात माझी मुलगी आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आठ दिवसांसाठी महाडला आली. बाहेर सावित्रीचे पाणी चढत होते आणि घरातल्या सर्वांचे अर्धे लक्ष नदीकडे होते. पहिल्याच दुपारी मी टाकळ्याची भाजी केली. नातवाने ती एका बोटाने ताटाच्या कडेपर्यंत ढकलली, बोट सदऱ्याला पुसले आणि तो भाताकडे वळला. "बाळा, एकच घास. आजीने मुद्दाम केली आहे ना?" मुलगी काकुळतीने म्हणाली. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मला हसू आले. "आई, हसतेस काय? डॉक्टरांनी याचं रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय." ती रागावून म्हणाली, आणि माझे हसू मावळले. हेच वाक्य मी तिच्याविषयी पूर्वी एकदा ऐकले होते. त्यानंतर मी जे केले, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझे माहेर वसईचे. वडिलांची वाडी होती. केळी, पानवेली आणि त्यांच्या सावलीत वांगी, पडवळ, कारली, अळू, माठ असा बारमाही भाजीपाला. बावखलातल्या पाण्यावर वाडी हिरवीगार असे. आई पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन दादरच्या बाजाराला जाई. अशा घरात वाढलेल्या मुलांना भाजीची गोडी असणारच, असे कोणालाही वाटेल. पण खरे सांगायचे तर भाजी हा आमच्या घरी पैसा होता. सरळ, कोवळी, तजेलदार भाजी टोपलीत जाई. वाकडी, किडकी, जून झालेली चुलीवर येई. रविवारी मिस्सेहून आल्यावर मटणाचा वास सुटे आणि आम्ही भावंडे चुलीभोवती घुटमळत राहू. उत्तम ते बाजाराचे, उरलेले ते आपले, आणि सणाचे ते मांस-मासळीचे, हा धडा मला कोणी शिकविला नाही. तो मी रोजच्या पानातून शिकले.

१९८८ साली यजमानांना महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. मुलगी तेव्हा पोटात होती. गावात दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. आमच्या ओळखीची ख्रिस्ती कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. माहेर दूर, सासर दूर. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिचे जेवण म्हणजे भात, मासळीचे कालवण, बटाटा आणि चहात बुडविलेली बिस्किटे. १९९१ च्या पावसाळ्यात तिला वरचेवर ताप येऊ लागला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून पांढुरकी होती. लोहाचे औषध दिले, जंताचे दिले, आणि मला म्हणाले, "बाई, पालेभाजी खाऊ घाला हिला." भाजीवाल्याच्या मुलीला हे ऐकावे लागावे, याची मला फार लाज वाटली.

त्या लाजेतूनच पुढचे सारे घडले. आधी मी गोष्टी सांगितल्या, मग आमिष दाखविले. "भाजी खाल्लीस तर मासा मिळेल." मग धमक्या आल्या. एका संध्याकाळी मी तिला मांडीवर आडवे घेतले, डाव्या हाताने तिचे नाक दाबले आणि श्वासासाठी तिने तोंड उघडताच पालकाचा घास आत कोंबला. तिला ठसका लागला. घास घशात अडकला आणि तिचा चेहरा काळानिळा पडला. यजमानांनी तिला माझ्या हातून हिसकावून घेतले, पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा तिला उलटी झाली आणि ती रडली. त्या रडण्याने आमचा जीव भांड्यात पडला. पण त्यानंतर कित्येक दिवस मी चमचा घेऊन जवळ गेले की ती काही न बोलता आपल्या इवल्याशा पंजाने नाक झाकून घेई. मी तिला आवडीचा भात भरवायला गेले, तरीही.

घरमालकांच्या मातोश्री आमच्या भिंतीपलीकडे राहत. त्यांनी सारे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी अंगणात मला म्हणाल्या, "अगो, पोर काय वासरू आहे, नळीनं औषध पाजायला?" मी मान खाली घातली. मग त्या हळूच म्हणाल्या, "तू रांधायचं काम कर. खायचं काम तिचं. तिच्या कामात हात घालू नको." पुढे अनेक वर्षांनी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचे विचार माझ्या वाचनात आले. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे आईबापांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे, असे त्या १९८० च्या दशकापासून सांगत आल्या आहेत. महाडच्या आजींनी हे कोणते पुस्तक वाचून सांगितले नव्हते.

आजी मुलीला बरोबर नेऊ लागल्या. पहिल्या पावसानंतर महाड-पोलादपूरच्या उतारांवर, बांधांवर, रस्त्याच्या कडेला आपोआप भाजी उगवते. टाकळा तर पायाखालीच असतो. त्याची दोन-चार पानांची कोवळी रोपे खुडायची. जून झाला की तो कडवट होतो. भारंगीची पाने मुळातच कडू, म्हणून ती उकडून, पिळून घ्यायची. फोडशी गवतासारखी दिसते. तिच्यातली माती जाईपर्यंत धुवायची. कुर्डूचे शेंडे, वेलीवरची कंटोली, पावसाच्या तोंडावर येणारे शेवळे. या शेवळ्याने आणि अळूने घसा खाजतो, म्हणून त्यात चिंच, कोकम किंवा काकडे घालायचे. माझी मुलगी एक टाकळ्याचे पान खुडी आणि दहा गवताची. आजी गवतही टोपलीत पडू देत. घरी आल्यावर दोघी निवडायला बसत.

भाजीत घालायला कडवे वाल लागत. रायगड जिल्ह्यात भाताचे पीक निघाले की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात, आणि वाळवलेले वाल वर्षभर पुरतात. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. दोन बोटांत दाबले की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन उडते. मुलीला हा खेळ इतका आवडला की घरभर डाळिंब्या उडू लागल्या. एकदा ती ताटातली एक डाळिंबी उचलून म्हणाली, "ही मी सोललेली." आणि तिने ती खाल्ली. मी बोलायला तोंड उघडले. आजींनी नुसते माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसले.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज पेन्सिलीने रेघ मारीत असे. भाजी पानात वाढली की एक रेघ. वाढायची ती चिमूटभर, आणि आम्ही दोघांनी तीच भाजी तिच्यासमोर आवडीने खायची. पहिल्या सात वेळा तिने हात लावला नाही. आठव्या वेळी वास घेतला. दहाव्या वेळी जिभेला लावून थुंकली. चौदाव्या रेघेला तिने टाकळ्याचा एक घास चावून गिळला आणि आणखी भात मागितला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

हे असे का होते, याचे उत्तर शास्त्राने दिले आहे. दोन वर्षांच्या सुमारास मूल चालू-धावू लागते आणि त्याच वयात त्याला अनोळखी अन्नाची भीती वाटू लागते. कडू चव तर लहानांना मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. निसर्गात अनेक विषे कडू असतात. रानात भटकणाऱ्या बालकाला ही भीतीच वाचवीत असली पाहिजे. म्हणजे ओठ मिटणारे मूल हट्टी नसते, ते सावध असते. ही सावधगिरी ओळखीने कमी होते. लीन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकापासून लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की नवा पदार्थ आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळाही चाखावा लागतो, तेव्हा तो आपलासा वाटतो. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळीच "आमच्या मुलाला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. त्यांच्याच १९८४ च्या एका प्रयोगात असेही आढळले की एखादे पेय प्याल्याबद्दल मुलांना बक्षीस दिले, तर त्या पेयाची आवड उलट घटते. "भाजी खा, मग मासा देते" या वाक्यातून मूल एवढेच शिकते की मासा हे बक्षीस आहे आणि भाजी ही त्याची किंमत.

इथे आपल्या ख्रिस्ती घरांविषयी थोडे बोलावेसे वाटते. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि भाजी शिजवितो. त्यागाचा अर्थ मोठ्यांना समजतो. लहान मुलाला मात्र एवढेच दिसते की आनंदाच्या दिवशी मटण असते आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी भाजी. वास्तविक दानीएलच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात बाबेलच्या राजाचे मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न आणि पाणी घेणाऱ्या तरुणांची कथा आहे. दहा दिवसांनी त्यांचेच चेहरे अधिक टवटवीत दिसले. मूल तिथे कोमेजलेल्या तपस्व्यांची वाट पाहते आणि त्याला भेटतात ते धष्टपुष्ट मुलगे. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा अनेकदा सांगितली. पण नाताळच्या पानात मीही कधी भाजीला मानाची जागा दिली नव्हती. आता देते. नाताळात वाल ओले असतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी घालून, मीठ-ओवा टाकून मडक्यात पोपटी लावली की मुले मडक्याभोवती नाचत शेंगा खातात आणि आपण भाजी खात आहोत हे विसरतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझ्या मुलीचे रक्त केवळ टाकळ्याने वाढले नाही. पालेभाजीतले लोह शरीराला थोडेच मिळते. त्यावर लिंबू पिळले, तर ते अधिक मिळते. जेवणाबरोबर चहा दिला, तर कमी होते. मी तिला औषध देत होते आणि जेवताना चहात बिस्किटेही देत होते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेत होते. चहा बंद केला, लोहाचे औषध महिनोन्‌महिने नेमाने दिले, तेव्हा पापण्यांवर लाली आली. भाजी ही औषधाच्या जागी नसते. तिचे काम लांबचे आहे. मुलाची जीभ एकदा तिला सरावली की ती जन्मभर पुरते.

त्या काळात बाजारात एक कातकरी बाई रानभाज्यांचे वाटे मांडून बसे. तिच्याजवळ माझ्या मुलीच्याच वयाची मुलगी असे, पण दिसायला ती वर्षभराने लहान वाटे. मी फोडशी घेता घेता सहज म्हणाले, "तुझी मुलगी ही भाजी आवडीनं खात असेल, नाही?" ती म्हणाली, "ताई, ही खाल्ली तर विकू काय? विकते तेव्हा मीठ-मिरची येते." मुलीच्या हातात दोन बिस्किटे होती. मला माझ्या आईची टोपली आठवली. उत्तम ते बाजाराचे, उरलेले आपले. फरक इतकाच की आमच्या घरी उरत असे. तिच्याकडे उरतही नव्हते. मूल भाजी कशी खाईल, हा माझा प्रश्न होता. तिचा प्रश्न मूल काय खाईल, हा होता. मी घासाघीस न करता पैसे दिले आणि घरी आले. एवढ्याने तिचे काय भले होणार होते? तरी त्या दिवसापासून पानात टाकलेली भाजी पाहिली की मला ती दोन बिस्किटे दिसतात.

या प्रश्नाला सरकारनेही हात घातला आहे. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि त्यातून अंगणवाड्या आल्या. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळांतल्या आहाराची केंद्रीय योजना आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले गरम अन्न हा मुलांचा हक्क ठरला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये पंडुरोग आढळला. दहांत जवळजवळ सात मुले. त्यात कातकरी वाडीतली मुले आहेत, आणि आपल्या धर्मग्रामातल्या, बिस्किटांचे डबे भरलेल्या घरांतलीही आहेत.

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरणार नाहीत. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या घरात पाणी शिरले, चूल गेली, धान्य गेले. मदत भरभरून आली. त्यात तांदूळ, डाळ, बिस्किटे, पाकिटे होती. माणसे जगली ती त्या मदतीवर, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण कित्येक दिवस पानात हिरवे असे काही नव्हते. चिखल उपसून पहिल्यांदा चूल पेटली, तेव्हा शेजारणीने टेकडीच्या उतारावरून टाकळा खुडून आणला. लहान-थोर सारे जण तो अन्नाच्या सणासारखे जेवलो. आजी तेव्हा हयात नव्हत्या.

हे सारे मी त्या दुपारी मुलीला सांगितले. नाक दाबल्याचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला आठवत नाही. पण अजूनही कोणी चमच्यानं भरवायला आलं, तर मला नको वाटतं." मी तिची क्षमा मागितली. तिने माझा हात हातात घेतला. थोड्या वेळाने ती हसून म्हणाली, "हा पोटात असताना तू मला इतक्या पालेभाज्या खायला घातल्यास, तरी हा असा!" आईच्या आहाराची चव गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचते, हे जुली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसले आहे, ज्यांच्या आयांनी गाजराचा रस घेतला होता, त्या बाळांनी गाजराच्या पेजेला कमी नाके मुरडली. मी म्हटले, "अगं, ओळख झाली असेल. मैत्री व्हायला वेळ लागतो."

दुसऱ्या सकाळी मी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले आणि नातवाला जवळ बसविले. पहिली डाळिंबी उडून त्याच्या आईच्या केसांत अडकली. तो खदखदून हसला. दुपारी त्याने आपल्या पानातल्या डाळिंब्या मोजल्या, सहा होत्या, आणि एकही खाल्ली नाही. आम्ही दोघी समोर बसून मुकाट्याने जेवत राहिलो. मुलीचे ओठ काही म्हणायला हलले. मी तिच्याकडे नुसते पाहिले. पाचव्या दिवशी त्याने एक डाळिंबी उचलून चाटली आणि परत ठेवली.

आठ दिवस संपले. मुलगी निघताना मी तिच्या पिशवीत कडव्या वालांची पुरचुंडी घातली आणि एक पेन्सिल दिली. तिच्या घरच्या दिनदर्शिकेवर आता रेघा वाढत आहेत. काल रात्री तिचा दूरध्वनी आला होता. "आई, नऊ झाल्या," ती म्हणाली.